छातीत दुखते तेव्हा : दवाखान्यात काय तपासतात आणि का?



आपल्याकडे कुणाच्या छातीत दुखू लागले की घरातून पहिला शब्द निघतो, "गॅस झाला असेल." मग ओवा येतो, सोडा येतो, पाठीला बाम चोळला जातो. बहुतेक वेळा तो खरेच गॅस असतो, आणि म्हणूनच तो शब्द आपल्या तोंडात बसला आहे. पण ज्या वेळी तो गॅस नसतो, त्या वेळी या एका शब्दाची किंमत फार मोठी पडते. आमच्या घराने ती मोजली आहे, म्हणून हा लेख.

माझे मामा पेनगंगेकाठच्या एका गावी कापसाची शेती करतात. काही वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत रात्री जेवण झाल्यावर साडेनऊच्या सुमारास त्यांच्या छातीत जड वाटू लागले. "दुखत नाही, पण छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय," असे ते म्हणाले. आम्ही सोडा दिला. थोडे बरे वाटले. पुन्हा जड झाले. "सकाळी पाहू" असे ठरले. पहाटे चारला अंग घामाने ओलेचिंब झाले, तेव्हा जीप शोधली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. म्हणजे पूर्ण आठ तास. तिथे तेलुगू डॉक्टरांनी काय होतेय असे विचारले. आमच्या मामेभावाने उत्तर दिले, "गॅस प्रॉब्लेम." मामा जे बोलले होते ते त्याने सांगितलेच नाही. सुदैवाने डॉक्टरांनी त्या उत्तरावर विश्वास न ठेवता लगेच इ.सी.जी. काढला. मामा वाचले. पण हृदयाचा बराचसा भाग कायमचा दुबळा झाला. आज घरापासून शेतापर्यंत जाताना त्यांना दोनदा थांबावे लागते. त्या रात्री चूक झाली ती आमची, घरच्यांची.

त्यानंतर मी डॉक्टर मित्रांना विचारून, वाचून हे समजून घेतले की अशा रुग्णाला कॅज्युअल्टीत नेल्यावर ते नेमके काय पाहतात. ते समजले तर आपल्यालाही घरी काय करावे हे आपोआप कळते.

छातीत हृदयच नसते

छाती म्हणजे एक पेटी समजा. तिच्यात हृदय आहे, फुप्फुसे आहेत, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी आहे, अन्ननलिका आहे. बाहेरून बरगड्या, स्नायू आणि कातडी आहे. यांपैकी कशालाही इजा झाली तरी माणूस "छातीत दुखतंय" असेच म्हणणार. आम्लपित्त, बरगडीच्या सांध्याची सूज, ओझे उचलल्याने लचकलेला स्नायू, अंगावर फोड येण्याआधीची नागीण, फार भीती वाटल्याने झालेली छातीतली धडधड, ही सगळी कारणे त्रासाची असली तरी जिवावरची नाहीत.

जिवावरची कारणे थोडीच आहेत. पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे म्हणजे हृदयविकाराचा झटका. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी होऊन रक्त अडते. दुसरे, महाधमनीचा आतला पापुद्रा फाटणे. तिसरे, पायातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणे. चौथे, फुप्फुसाबाहेर हवा साठून त्या हवेने फुप्फुस व हृदय दाबले जाणे. पाचवे, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी किंवा रक्त भरणे. सहावे, जोराच्या उलट्यांनंतर अन्ननलिका फाटणे. हे फार क्वचित होते.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर "याला नेमका कोणता आजार आहे?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, "या सहांपैकी काही आहे का?" ते नाही असे कळल्यावरच बाकीचा विचार सुरू होतो. म्हणून कधी कधी रुग्णाला वाटते, एवढ्या तपासण्या केल्या आणि शेवटी आम्लपित्ताची गोळी दिली. पण त्या तपासण्या वाया गेलेल्या नसतात.

पहिली दहा मिनिटे

छातीत दुखणारा मोठा माणूस दवाखान्याच्या दारात आला की दहा मिनिटांच्या आत त्याचा इ.सी.जी. काढून तो डॉक्टरने पाहिला पाहिजे, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. चिठ्ठी फाडणे, रांग, पैसे हे सगळे नंतर. त्याच वेळी सिस्टर नाडी, रक्तदाब, श्वासांची गती आणि रक्तातला ऑक्सिजन पाहते. हातात सुई लावून ठेवतात, म्हणजे गरज पडल्यास औषध लगेच देता येते. रुग्णाला मॉनिटर लावतात, कारण झटक्याच्या पहिल्या तासांत हृदयाची लय अचानक बिघडू शकते आणि तेव्हा विजेचा धक्का देण्याचे यंत्र हाताशी असावे लागते. घरी आणि दवाखान्यात थांबण्यात मोठा फरक आहे तो इथे. ही लय घरी बिघडली तर विजेचा धक्का देता येत नाही.

रक्तदाब कधी दोन्ही हातांचा घेतात. दोन्हींत बराच फरक असेल आणि दुखणे अचानक, फाडल्यासारखे, पाठीत जाणारे असेल तर महाधमनी फाटल्याची शंका येते. हे आधी पाहणे महत्त्वाचे, कारण झटक्यासाठी दिले जाणारे गुठळी विरघळवणारे औषध अशा रुग्णाला दिले तर तो दगावू शकतो.

विचारलेल्या प्रश्नांमागचा अर्थ

दुखणे कधी सुरू झाले? बसल्या जागी की काम करताना? दाब, जडपणा, जळजळ की टोचणे? हातात, जबड्यात, पाठीत जाते का? घाम, उलटी, दम लागणे आहे का? श्वास घेतल्याने वाढते का? बोटाने दाबल्यावर दुखते का? असे प्रश्न डॉक्टर विचारतात.

दाबल्यासारखे वाटणे, ते खांद्यात किंवा हातात पसरणे, त्यासोबत घाम, श्रमाने वाढणे, ही हृदयाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. एका बोटाने दाखवता येणारी, दाबले की दुखणारी, श्वासाबरोबर टोचणारी कळ बहुधा हृदयाची नसते. पण "बहुधा" हा शब्द लक्षात ठेवा. केवळ तेवढ्यावर कुणी घरी पाठवत नाही.

मधुमेही, म्हातारी माणसे आणि स्त्रिया यांच्यात झटका अनेकदा वेश बदलून येतो. छातीत फारसे दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते, जबडा किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो. आपल्या आई-आजी "काही नाही गं, थकले" म्हणून स्वयंपाकाला लागतात, तेव्हा हे आठवावे.

आणखी एक गैरसमज. सोड्याने किंवा जिभेखाली गोळी ठेवल्याने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असे मुळीच नाही. झटक्याचे दुखणेही मध्येच कमी होते. आमच्या मामांचे तसेच झाले होते.

आपल्या जिल्ह्यातली भाषेची अडचण

आदिलाबादच्या दवाखान्यात रुग्ण मराठी किंवा गोंडी बोलतो आणि डॉक्टर किंवा सिस्टर अनेकदा तेलुगू बोलणाऱ्या. आजीने सांगितलेले "जीव दडपतोय", "छातीत दाटलंय", "कसंतरीच होतंय" हे शब्द पलीकडे पोहोचता पोहोचता "गॅस" होऊन जातात. वर पाहिलेच आहे की रुग्णाचे सांगणे हीच पहिली तपासणी. ती चुकली तर पुढचे सगळे उशिरा होते.

इथे आपल्या शाळेच्या मुलामुलींचे काम आहे. तुम्हाला मराठीही येते आणि तेलुगूही. घरच्या माणसाबरोबर जाल तेव्हा त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा, स्वतःचे निदान सांगू नका. हे काही शब्द पाठ असू द्या : छातीत दुखणे म्हणजे "छाती नोप्पी", जळजळ म्हणजे "मंट", जडपणा म्हणजे "बरुवु", घाम म्हणजे "चेमटलु", दम लागणे म्हणजे "आयासम्", आणि हृदयविकाराचा झटका म्हणजे "गुंडेपोटु". आणि सर्वांत आधी वेळ सांगा : "रात्री साडेनऊपासून." या एका वाक्यावर पुढचा उपचार ठरतो.

इ.सी.जी. काय दाखवतो?

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. ही लहर कातडीवरून टिपता येते. हॉलंडचे शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र उपयोगात आणले आणि त्यासाठी त्यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज छातीवर सहा आणि हातापायांना चार अशा दहा ठिकाणी तारा लावून बारा बाजूंनी हृदयाचे चित्र घेतात. धमनी पूर्ण बंद झाली असेल तर त्या भागाच्या आलेखातली एक रेघ, जिला एस.टी. म्हणतात, वर उचललेली दिसते. ही रेघ दिसली की रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.

पण पहिला इ.सी.जी. चांगला आला म्हणजे सुटलो असे नाही. गुठळी घट्ट होत असते, सुटत असते, आलेख बदलत असतो. म्हणून दुखणे चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढतात. "एकदा काढला की, पुन्हा कशाला?" असे म्हणून भांडू नये.

रक्ताची तपासणी : ट्रोपोनिन

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. पण ते उतरायला वेळ लागतो. साध्या तपासणीत ते दिसायला तीन-चार तास तरी जातात. त्यामुळे दुखायला लागून तासाभरात आलेल्या रुग्णाचे ट्रोपोनिन चांगले आले तर त्याला फारसा अर्थ नसतो. काही तासांनी पुन्हा तपासतात आणि आकडा वाढतोय का ते पाहतात. नव्या, अतिसंवेदनशील चाचण्यांत हे अंतर एक ते तीन तासांवर आले आहे.

ट्रोपोनिन वाढले म्हणजे झटकाच, असेही नाही. किडनीचा आजार, फुप्फुसातली गुठळी, हृदयाची सूज, रक्तातला मोठा जंतुसंसर्ग यांतही ते वाढते. म्हणून एकट्या कागदावर कोणी निदान करत नाही. छातीचा एक्स-रे, इको, गरज पडल्यास सी.टी. स्कॅन हे बाकीच्या पाच कारणांसाठी असतात.

घरी पाठवायचे की ठेवून घ्यायचे?

इ.सी.जी.त स्पष्ट झटका दिसला तर प्रश्नच नाही. अवघड असतात ते मधले रुग्ण. त्यांच्यासाठी हॉलंडच्या डॉक्टरांनी 2008 साली गुणांची एक सोपी पद्धत मांडली. तिला "हार्ट स्कोअर" म्हणतात. रुग्णाची हकीकत, इ.सी.जी., वय, धोक्याच्या सवयी व आजार आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण. एकूण दहांपैकी 3 किंवा कमी गुण आले तर धोका कमी, 4 ते 6 मध्यम, 7 किंवा जास्त असल्यास मोठा.

दोन उदाहरणे घेऊ. 38 वर्षांचा हमाल, कापसाचे गाठोडे उचलल्यावर बरगडीत दाबून दुखते, बिडी ओढतो, इ.सी.जी. व ट्रोपोनिन दोन्ही चांगले. हकीकतीला 0, वयाला 0, बिडीमुळे 1. एकूण 1. त्याला समजावून घरी पाठवता येते. दुसरे, 66 वर्षांचे आजोबा, मधुमेह, रक्तदाब, बिडी, चालताना छातीत दाब आणि घाम, पण इ.सी.जी. व ट्रोपोनिन चांगले. हकीकतीला 2, वयाला 2, धोक्याच्या कारणांना 2. एकूण 6. दोन्ही तपासण्या चांगल्या असूनही यांना ठेवूनच घ्यायचे! म्हणून डॉक्टर "रिपोर्ट चांगले आहेत, पण थांबा" म्हणाले तर ते उगाच म्हणत नाहीत.

आदिलाबादहून हैदराबाद की नागपूर?

बंद धमनी उघडायचे दोन मार्ग आहेत. एक, अँजिओप्लास्टी, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून फुग्याने धमनी उघडणे. दुसरा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. स्ट्रेप्टोकायनेज हे जुने, टेनेक्टेप्लेज हे नवे. अँजिओप्लास्टी चांगली, पण ती दोन तासांच्या आत होणार असेल तरच. नाहीतर आधी इंजेक्शन, तेही निदान झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, आणि मग पुढे मोठ्या दवाखान्यात.

हे आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे 300 कि.मी. आणि नागपूर सुमारे 200. रस्ता चांगला असला तरी दोन तासांत पोहोचून टेबलावर जाणे शक्य नाही. तरीही "इथे काही होत नाही, सरळ नागपूरला न्या" असे सांगणारे शेजारी प्रत्येक गावात असतात. झटका आलेल्या माणसाला इ.सी.जी. न काढता, इंजेक्शन न देता गाडीत घालणे म्हणजे स्नायू मरण्याचे तास वाटेत घालवणे. आधी जवळच्या ज्या दवाखान्यात इ.सी.जी. आणि हे इंजेक्शन मिळते तिथे जावे. 2008 पासून आदिलाबादला रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. इंजेक्शन दिल्यावर तास-दीड तासाने पुन्हा इ.सी.जी. काढून रेघ खाली आली का ते पाहतात. आली नाही तर लगेच, आणि आली तरी साधारण एका दिवसाच्या आत, अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवतात. तेव्हा हैदराबाद की नागपूर हा प्रश्न योग्य. त्या वेळी आरोग्यश्री कार्डाचाही विचार करा. 2007 साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा तेलंगणात डिसेंबर 2023 मध्ये 10 लाख रुपये झाली. पण नदीपलीकडे, दुसऱ्या राज्याच्या दवाखान्यात ते कार्ड चालेलच असे धरून चालू नका. आधी फोन करून विचारा.

या इंजेक्शनचा धोकाही आहे. साधारण शंभरात एकाच्या आसपास रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पूर्वी पक्षाघात झाला होता का, डोक्याला मार, अलीकडचे ऑपरेशन, रक्ताची उलटी यांबद्दल डॉक्टर विचारतात. काही लपवू नका.

वेळ कुठे जातो?

भारतातल्या 50 शहरांमधील 89 रुग्णालयांत 20,468 रुग्णांची पाहणी झाली होती. ती 2008 साली प्रसिद्ध झाली. तीत दुखायला लागल्यापासून दवाखान्यात येईपर्यंतचा मधला आकडा 360 मिनिटे, म्हणजे सहा तास होता. दवाखान्यात आल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंत 50 मिनिटे. म्हणजे सर्वांत जास्त वेळ दवाखान्यात नव्हे, घरी आणि वाटेत गेला. आपल्या लोकांना झटका तरुणपणीही येतो. 52 देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. मुंबईचे प्रसिद्ध हृदयशल्यचिकित्सक डॉ. नीतू मांडके 2003 साली पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. आयुष्यभर हृदये दुरुस्त करणाऱ्यालाही जे चुकले नाही, ते "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या आपल्याला कसे चुकेल?

एवढे लक्षात ठेवा

1. छातीत दाब, जडपणा, घाम, दम दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर सकाळची वाट पाहू नका.

2. 108 ला फोन करा. ही सेवा आपल्याकडे ऑगस्ट 2005 पासून आहे. फोनवर आधी राज्य, जिल्हा, मंडल आणि गाव सांगा. पेनगंगेपलीकडे महाराष्ट्राचीही 108 च आहे.

3. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवू नका. निवांत बसवा किंवा टेकवून ठेवा.

4. अ‍ॅस्पिरिनची ऍलर्जी नसेल व कुठे रक्तस्राव होत नसेल तर फोनवर विचारून 300 मि.ग्रॅ.ची गोळी चावून खायला द्या. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजार रुग्णांच्या अभ्यासात एवढ्या साध्या औषधाने मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले होते.

5. जिभेखालची गोळी शेजाऱ्याची घेऊन देऊ नका. रक्तदाब कमी असेल तर ती घातक ठरते.

6. रुग्ण कोसळला, हाक मारल्यावर उठत नाही, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

7. जुने इ.सी.जी., औषधांच्या चिठ्ठ्या आणि आरोग्यश्री कार्ड एका पिशवीत ठेवा. पिशवी कुठे आहे हे घरातल्या लहानालाही माहीत असू द्या.

आमच्या मामांच्या घरी आता ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला असते. मागच्या वर्षी मामींच्या जबड्यात दुखून घाम आला, तेव्हा नववीतल्या नातीने विचारत न बसता 108 लावला. दवाखान्यात तीच पुढे झाली आणि मामींचे शब्द तेलुगूत नीट सांगितले. इ.सी.जी. दोनदा, ट्रोपोनिन दोनदा झाले. सगळे चांगले आले, दुसऱ्या दिवशी मामी घरी आल्या. गावात कुणीतरी म्हणाले, "उगाच पळापळ केली." मामा म्हणाले, "अशी उगाच पळापळ माझ्या वेळी झाली असती तर बरं झालं असतं."